तीनशे एकसष्टावी रेघ

मावशीच्या परातीच्या काठावर तीनशे साठ नव्हे, तीनशे एकसष्ट रेघा आहेत हे कळायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी गावी परत जायची पिशवी तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली. आज सांगताना हसू येतं, माझ्या नाती तर मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. पण तेव्हा मला खरंच वाटलं होतं की एका अंशापायी माझा सगळा जन्म एसटीत बसवून परत पाठवला जाणार.

मी लातूरकडची. पुण्याकडच्या मंचरला आले ती महिन्याभरासाठी. मावशी अंगणात घसरून पडली, उजवं मनगट प्लास्टरात गेलं आणि तिची खानावळ बंद पडायची वेळ आली, म्हणून नाना, म्हणजे माझे वडील, मला तिच्याकडे आणून सोडून गेले. शाळा आधीच सुटली होती. नववीचं वर्ष निम्मं झालं आणि आमच्या गावावरून तालुक्याला जाणारी सकाळची गाडी बंद झाली. गाडी बंद, म्हणून शाळा बंद. इकडे यथावकाश प्लास्टर निघालं, मावशी पुन्हा दोन्ही हातांनी भाकरी थापायला लागली, तरी मला परत पाठवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. मीही आठवण केली नाही. घरी माझ्या पाठच्या दोघी बहिणी होत्या, आणि मी परत गेले की दुसऱ्या आठवड्यात बघायला पाहुणे येणार हे ठरलेलं होतं. म्हणून मी त्या घरात आवाज न करता वावरायचे. भांडं आपटायचं नाही, दुसरी भाकरी मागायची नाही, आजारी पडायचं नाही. आपण इथे आहोत हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही तर आपल्याला कोण कशाला हलवील, असं माझं साधं गणित.

खानावळीला लागून काकांचं वर्कशॉप होतं. काका म्हणजे मावशीचे यजमान. तरुणपणी ते आमच्या भागात रस्त्याच्या कामावरची मशीनं दुरुस्त करायला आले होते आणि जाताना मावशीला घेऊन गेले. सगळा हायवे त्यांना मिस्त्री म्हणायचा. जेवताना बाहेर ट्रक गेला की घास तसाच धरून ते म्हणायचे, "तिसरा सिलिंडर मार खातोय," आणि मग घास तोंडात घालायचे. खानावळीत ड्रायव्हर लोक जेवत असायचे. रविवारी मासवडी. बेसनाच्या पोळीत खोबरं-तिळाचं सारण भरून केलेली ती वडी मी आमच्याकडे कधी पाहिली नव्हती. पहिल्यांदा ताटात पडली तेव्हा नावामुळे मी घाबरून हात मागे घेतला, तर मावशी म्हणाली, "खा गं, हितं माशाला बी बेसनाचंच सोंग असतं." वड्या तुटू न देता कापण्यात माझा हात बसला होता, आणि त्या हातामुळेच काका मला एक दिवस वर्कशॉपात घेऊन गेले. इंजिनाच्या सांध्यात बसणारं बारीक गॅस्केट कापायचं होतं. ते झाल्यावर म्हणाले, "आता हा आकडा वाच. माझं हात तेलाचं हायेत."

काकांचे हात नेहमीच तेलाचे असायचे. आंघोळ करून, गंध लावून बसले तरी वर्तमानपत्र मलाच वाचायला द्यायचे आणि हात तेलाचे आहेत म्हणायचे. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की त्यांना जवळचं दिसत नाही. चष्मा झाला होता, त्याचाही उपयोग नव्हता, डॉक्टरांनी मान हलवली होती. हे मावशीला अर्धं माहीत होतं आणि बाकी कोणालाच नाही. ते बोटांनी नट ओळखायचे, कानाने इंजिन ओळखायचे, फक्त मापाच्या तबकडीवरची सुई त्यांना दिसायची नाही. ती मी वाचायचे. आम्ही दोघं याबद्दल कधी एक शब्द बोललो नाही. ते मला विचारायचे, "इंदू, सुई काय म्हनती?" आणि मी सांगायचे. दीड वर्ष असं गेलं.

मग एक दिवस शेजारच्या दुकानातल्या फोनवर नानांचा निरोप आला. चैत्रातली यात्रा झाली की पोरीला न्यायला येतो. मावशी रडली. दुपारी वर्कशॉपात चहा पिताना काका म्हणाले, "त्यांना म्या काय सांगू? तुमची पोरगी मशीनवर लई हुशार हाय, म्हनून? कोन ऐकंल? त्यापरीस दाखवू." त्याच आठवड्यात तुकाशेठची जीप आमच्याकडे आली होती. काकांनी ठरवलं की हे इंजिन पहिल्या बोल्टपासून शेवटच्या बोल्टपर्यंत इंदू बांधणार, यात्रेत ते सगळ्या गावासमोर चालणार आणि नाना ते बघणार. चाललं तर ठीक. सगळ्या गावासमोर बंद पडलं तर?

तुकाशेठ घोड नदीच्या पलीकडच्या गावचे, शर्यतीत गाडा पळवणारे. बैलगाड्यांच्या शर्यतीची चढण म्हणजे घाट, त्यात ज्याचे बैल पळतात तो गाडामालक, आणि गाडामालकाचं सगळं जगणं म्हणजे त्याचं नाव. यात्रेच्या दिवशी बैलांची वाजतगाजत मिरवणूक निघायची, मागून मालक जीपमध्ये उभा. तुकाशेठची जीप जुनी, पेट्रोलवरची, आणि तिचा कॅमशाफ्ट झिजून गुळगुळीत झाला होता.

कॅमशाफ्ट म्हणजे काय हे मला काकांनी खानावळीवरून समजावलं होतं. इंजिनाच्या पोटात एक दांडा फिरतो, त्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. उंचवटा वर आला की झडप उघडते आणि इंजिन श्वास घेतं, उंचवटा सरला की झडप मिटते. कोणत्या इंजिनाला कसला दांडा घालायचा याची सगळी गोम झडप किती वेळ उघडी राहते यात. "खानावळीचं दार बघ," काका म्हणाले. "यात्रेच्या गर्दीत दार सताड उघडं ठिवलं तर चालतंय, मागनं रेटा असतोय, मान्सं आत येतच ऱ्हात्यात. पन रोजच्या दिवशी, दोन-तीन गिऱ्हाईक असताना दार उघडंच ठिवलं, तर आत आलेला मानूस हिकडंतिकडं बघतो आन न जेवता बाहेर पडतो. तसं हाय." सुसाट पळायच्या इंजिनाला झडप जास्त वेळ उघडी ठेवणारा कॅम, सावकाश ओढायच्या इंजिनाला कमी वेळ उघडी ठेवणारा. म्हणजे कॅम निवडायचा तर मालक गाडी कशी चालवतो ते आधी कळायला हवं. आणि काकांच्या मते जगातला कोणताही माणूस ते खरं सांगत नाही.

"माझी जीप? नव्वदच्या खाली न्हाई," तुकाशेठ म्हणाले.

"बरं," काका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मला वही, पेन्सिल आणि स्वतःचं घड्याळ देऊन जीपच्या मागच्या बाकावर बसवलं. जुना कॅम कसाबसा चालत होता तोवर, तीन दिवस. तुकाशेठना वाटलं मी इंजिनाचा आवाज लिहून घेते आहे. मी त्यांचा दिनक्रम लिहीत होते. ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिलं पान असं: चहाच्या टपरीसमोर, इंजिन चालू, पस्तीस मिनिटं. उसाच्या गाडीमागे, पंधरा मिनिटं. सोसायटीसमोर उभे, इंजिन चालू, तुकाशेठ खाली उतरलेच नाहीत, लोक जीपजवळ येऊन बोलत होते. बैलांना नदीवर नेताना त्यांच्या मागे, जाताना आणि येताना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मध्ये एकदा पाव्हण्यांना जीप दाखवायला म्हणून अंगणातल्या अंगणात मागे-पुढे. तिन्ही दिवसांत सगळ्यात जास्त वेग एकदाच गाठला, मागे कुत्रं लागलं तेव्हा, आणि तोही पन्नासच्या आतच.

मी हे काकांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, देवाचं ऐकावं तसं. "मवाळ कॅम," ते म्हणाले. "दोनशे पन्नास अंशांचा. याच्या वर न्हाई."

तुकाशेठ हे ऐकून खुर्चीवरून उठलेच. "मवाळ? मिस्त्री, घाटात माझं नाव पुकारत्यात तवा मान्सं उभी ऱ्हात्यात. आन माझी जीप मवाळ? आणे गावच्या त्या गाडामालकाची जीप बघा राव, पुन्यातनं कॅम आनलाय त्यानं, उभी असली तरी थरथरती. लब्-डब्, लब्-डब्. पोरं फोटू काढत्यात."

"ती थरथरती, कारन तिला उभं ऱ्हावत न्हाई," काका म्हणाले. "बैलामागं चार पावलं चालवून दाखवा म्हनावं."

"मला आवाज पायजे!"

"मंग हॉर्न बदला."

भांडण दोन चहा चाललं. शेवटी काकांनी वही पुढे केली आणि मला म्हणाले, "वाच गं, कुत्र्याचं वाच." मी वाचलं. आजूबाजूला चार ड्रायव्हर जेवत होते. तुकाशेठनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "हळू वाच की बाय. घाला काय घालायचा तो."

पुण्यातल्या ओळखीच्या कारागिराकडून काकांनी कॅम घासून आणला. सोबत त्याने लिहून दिलेली चिठ्ठी होती. आत घेणारी झडप सगळ्यात जास्त उघडी असेल तेव्हा इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, पिस्टनच्या वरच्या टोकापासून एकशेआठ अंश पुढे फिरलेला हवा. आता हे मोजायला अंशांची मोठी चकती लागते. आमच्याकडे होती ती मागच्याच वर्षी ट्रकखाली आली होती. पुण्याहून दुसरी येईपर्यंत यात्रा उरकली असती. मी काकांना घाबरत घाबरत विचारलं, "कुठलीही गोल वस्तू चालंल का?" काका म्हणाले, मोठी पाहिजे, मोठी असली की रेघा लांब लांब पडतात आणि चूक लहान होते. आम्ही दोघं मावशीचा शिवणकामाचा टेप घेऊन मंचरच्या भांड्यांच्या दुकानात गेलो आणि एकेका परातीला टेप गुंडाळायला लागलो. दुकानदार आधी हसला, मग म्हणाला, "मिस्त्री, परातीला ब्लाउज शिवायचाय काय?" काकांना घेर एकशेऐंशी सेंटिमीटर हवा होता, म्हणजे बरोबर अर्ध्या सेंटिमीटरला एक अंश. तशी एकही परात दुकानात नव्हती. तशी परात होती ती मावशीकडे, तिच्या लग्नातली, जिच्यात रोज खानावळीचं पीठ मळलं जायचं.

मावशीच्या अटी अशा होत्या. परातीला भोक पाडायचं नाही. सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला परात स्वयंपाकघरात हजर पाहिजे. आणि रंगाने रेघा मारायच्या नाहीत, ड्रायव्हरांच्या पोटात रंग जाईल. मग काकांनी भोकाऐवजी बाहेरून धरणाऱ्या तीन पकडी बनवल्या, आणि रेघांसाठी भांड्यांवर नावं टाकणाऱ्याला बोलावलं. लग्नातल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव टिंबाटिंबांनी कोरायची आपल्याकडे रीत. त्या परातीवर आधीच मावशीच्या मामांचं नाव होतं. नावं टाकणारा आपली घरघरणारी विजेची लेखणी घेऊन आला, मांडी घालून बसला आणि नेहमीच्या सवयीने विचारता झाला, "कोनाच्या स्मरनार्थ?"

"कॅमशाफ्टच्या," काका म्हणाले.

त्याने मान हलवली. बहुतेक त्याला ते कोणा परगावच्या माणसाचं नाव वाटलं असावं. मी शून्याची जागा ठरवून दिली, मामांच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या टोकाशी, आणि त्याला सांगितलं, टेपवर अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरला एक रेघ, एकूण तीनशे साठ. आकडे नकोत, आकड्यांत पीठ अडकतं, असं मावशीचं म्हणणं. काकांनी मला तेवढ्यात हाक मारली म्हणून मी वर्कशॉपात गेले. तो आणि मावशी अंगणात राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परात इंजिनाच्या तोंडाला बसली. आज अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं माझ्याकडे येतात, त्यांच्याकडे मोबाइलवरचे सगळे आकडे असतात, तरी ती परातीची गोष्ट ऐकून वह्या काढतात. मला लाज वाटते आणि बरंही वाटतं. तर, पिस्टनचं वरचं टोक शोधायला आम्ही प्लगच्या भोकातून एक बोथट बोल्ट आत सोडला, क्रँक एकदा इकडून आणि एकदा तिकडून फिरवून पिस्टन त्याला हलकेच टेकवला, परातीवर दोन्ही जागी खडूची खूण केली आणि मधलं अंतर दोऱ्याची घडी घालून बरोबर निम्मं केलं. तिथे शून्याची रेघ आणून तारेचा काटा बसवला. मग झडप किती उघडते ते दाखवणारी सुईची तबकडी झडपेवर लावली. पहिल्या मोजणीत एकशेबारा आले. चार अंश मागे. काकांनी नुसत्या बोटांनी चाचपत गिअर दांड्यावर धरून ठेवणारी तिरकी पाचर घासली, गिअर तेवढा सरकवला, आणि मी पुन्हा मोजलं. शून्यापासून पुढे, एक एक रेघ. एकशेआठ.

"सुई काय म्हनती?"

"एकशेआठ."

काकांनी दोन्ही हात कानशिलांना लावून बोटं मोडली. तिथे थांबले असते तर काही झालंच नसतं. पण मी घाबरट. घाबरट माणूस दोनदा मोजतो. मी शून्यापासून उलट्या बाजूने मोजलं. दोनशे बावन्न यायला हवे होते. आले दोनशे त्रेपन्न. पुन्हा मोजलं. दोनशे त्रेपन्न. एकशेआठ आणि दोनशे त्रेपन्न, तीनशे एकसष्ट.

वर्तुळात तीनशे साठ अंश असतात एवढं मला पक्कं आठवत होतं. पण मी नववी अर्धवट सोडलेली. मनात पाल चुकचुकली. शाळेत लहान वर्गांत सोपं करून शिकवतात, मग वरच्या वर्गात सांगतात की खरं तसं नसतं. वजाबाकीचं तसंच झालं होतं, लहानातून मोठं जात नाही म्हणाले होते आणि मग सातवीत गेलं. कदाचित दहावीत सांगत असतील की वर्तुळाचे खरे अंश तीनशे एकसष्ट. मी काकांना काही बोलले नाही. ते माझ्या डोळ्यांच्या भरवशावर इंजिन बांधत होते, आणि माझ्याकडे दहावी नव्हती. त्या दुपारी पहिल्यांदा पिशवी भरली.

संध्याकाळी पुन्हा मोजलं, तेच. दुसऱ्या दिवशी पकडी सोडून पुन्हा बसवल्या, तेच. पिशवी दुसऱ्यांदा भरली. दुपारी मी स्टँडवर जाऊन उभी राहिले. तिथे एक गुरुजी रोज नारायणगावच्या गाडीची वाट बघत असायचे. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन विचारलं, "गुरुजी, वर्तुळात अंश किती?"

"तीनशे साठ."

"दहावीत सुद्धा?"

गुरुजींनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट बघितलं. "दहावीत सुद्धा," ते म्हणाले. "कॉलेजात सुद्धा. का गं?"

"काही नाही," म्हणून मी पळाले. म्हणजे चूक दहावीची नव्हती, माझी होती. पिशवी तिसऱ्यांदा भरली. संध्याकाळी सहाला परात स्वयंपाकघरात आली, मावशीऐवजी मी पीठ मळायला बसले आणि मळता मळता काठावरच्या रेघांत पांढरं पीठ भरलं. आत्तापर्यंत स्टीलवर स्टीलसारख्या दिसणाऱ्या रेघा लख्ख उठून आल्या. मामांच्या नावाशेजारी, शून्याच्या अलीकडे, दोन रेघा एकमेकींना खेटून होत्या. अर्ध्या सेंटिमीटरच्या जागेत एक जादा.

"मावशे, ही कुणी मारली?"

मावशी भाकरी उलटत होती. "कंची? ती व्हय? म्याच सांगितलं त्याला. तो म्हनला, वैनी, तीनशे साठ झाल्या. म्या म्हनलं, शुभ कामाचं भांडं हाय, शून्यावर काय सोडतो, वर एक घाल. आहेर करताना वर एक ठिवतो का न्हाई आपन? तसं." आणि माझं तोंड बघून घाबरून म्हणाली, "का गं? कमी पडली का?"

मी पिठाच्या हातांनी तशीच वर्कशॉपात धावले आणि काकांना सगळं सांगितलं, गुरुजींसकट. काका स्टुलावर बसून एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाले, "पोरी, मवाळ इंजिनाला एका अंशानं काय बी व्हत न्हाई. इंजिनाला कळत बी न्हाई." आणि स्टुलावरून उठत, "पन तुला कळलं. ते बरं झालं." त्यांच्या सांगण्यावरून मी त्या रेघेपाशी, परातीच्या बाहेरच्या अंगाला, मावशीच्या नखरंगाचं लाल बोट टेकवलं आणि ती मोजायची नाही असं ठरलं.

इंजिन यात्रेच्या दोन दिवस आधी सुरू झालं. तुकाशेठ आले, बॉनेटजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "करा चालू."

"चालू हाय," मी म्हणाले.

त्यांनी वाकून कान लावला. बॉनेटवर हात ठेवला. पंखा फिरतोय हे बघितलं. चेहरा असा झाला, जणू घरात कोणी गेलंय. "मिस्त्री," ते हळूच म्हणाले, "ह्याच्यापरीस माझी शिलाई मशीन जास्त आवाज करती राव." आणि जीप घेऊन निघून गेले.

यात्रेच्या सकाळी नाना उतरले. धोतर, टोपी, हातात आमच्याकडच्या शेंगांची पिशवी. काकांनी त्यांना पाणी दिलं आणि आम्ही त्यांना तसंच तुकाशेठच्या गावाला घेऊन गेलो. तिथे जे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही. तुकाशेठनी जीपच्या मागच्या बाकांच्या जागी विहिरीवरचं डिझेल इंजिन चढवून दोरखंडाने बांधलं होतं. कशाला? आवाजाला. जीप मवाळ तर मवाळ, पण मिरवणुकीत ढुक्-ढुक्-ढुक् असा दणका पाहिजे, आण्याच्या जीपपेक्षा मोठा. मला म्हणाले, "तू मागं बस बाय, ह्याच्यावर ध्यान ठिव." नानांना फेटा बांधून पुढे बसवलं, पाहुणे म्हणून. काका गाडी चालवणार. पायी चालण्याएवढ्या वेगाने चालवायला त्यांना लांबचं दिसत होतं तेवढं पुरे.

मिरवणूक निघाली. पुढे हलगी, मग गुलालाने माखलेले तुकाशेठचे बैल, मागे आम्ही, जीपमध्ये तुकाशेठ उभे. डिझेल इंजिनाचा धूर नानांच्या फेट्यात शिरत होता. नाना मान वळवून माझ्याकडे बघत होते, मी काळ्या हातांनी ते इंजिन धरून बसले होते, आणि त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला वाचता येत नव्हतं. देवळाच्या वळणावर आवाज भिंतींवर आपटून दुप्पट झाला आणि उजवीकडचा बैल बिथरला. त्याने मागचे पाय झाडले, एक पोरगा बाजूला पडला, कासरा धरणारा फरफटत गेला. दोन्ही बाजूंना बायका-पोरं. तुकाशेठ ओरडत होते, पण हलगीत काही ऐकू येत नव्हतं. मी तुकाशेठकडे बघितलं, नानांकडे बघितलं, आणि डिझेल इंजिन बंद करायचा दांडा ओढला.

हलगीवालेही थबकले, एकदम शांतता. बैलाने कान हलवले आणि उभा राहिला. मग चालायला लागला. आणि त्याच्यामागे जीप चालायला लागली, बैलाच्या पावलाने, हिसका नाही, थरथर नाही, काही नाही. लोकांना वाटलं गाडी बंद पडली. चार पोरं धावत आली आणि मागून रेटायला लागली, तर जीप त्यांच्या हातांतून पुढे निघून गेली आणि ती चौघं धुळीत पालथी. घाटाच्या माचावर माइक धरून बसलेला निवेदक दिवसभर गाडामालकांची नावं घेत असतो, त्याच्या तोंडून निघेल ती वर्षभराची अब्रू. तो ओरडला, "ओ तुकाशेठ! गाडी बंद पडली राव, तरी चालतीया! ढकलनारं मागं ऱ्हायलं, गाडी म्होरं गेली! आवाज न्हाई, धूर न्हाई, बैल बिचकत न्हाई! तुकाशेठची गाडी देवाच्या पालखीवानी आलीया!" टाळ्या पडल्या. रागाने माझ्याकडे वळलेले तुकाशेठ तसेच उलटे वळले आणि हात जोडून उभे राहिले. आण्याची जीप मागच्या चढावर लब्-डब् करत होती, तीन वेळा बंद पडली असं नंतर कळलं, मी पाहिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तुकाशेठ आमच्याकडे आले ते विचारायला, "मिस्त्री, अजून हळू आवाज करता यील का?"

यात्रेच्या संध्याकाळी खानावळीत पंगत बसली, मावशीने मासवडी केली होती. नानांनीही माझ्यासारखाच आधी हात मागे घेतला आणि ती बोटाने ढकलून बघितली. मग मावशीने भीत भीत विचारलं, "मग, हिला कवा नेताय?" नानांनी उत्तर द्यायच्या आधी काका बोलले. हात धुतलेले होते, स्वच्छ. ते त्यांनी ताटाच्या दोन्ही बाजूंना ठेवले.

"नाना, मला सुई दिसत न्हाई," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. सगळं ही वाचती. आजची गाडी हिनंच बांधली. ही गेली तर म्या कुलूप लावनार." मावशी भाकरी धरून उभीच राहिली. एवढ्या लोकांच्या मिस्त्रीने, जो आपल्या बायकोलाही हे कधी पूर्ण बोलला नव्हता, ते माझ्या बापासमोर मांडलं. त्याचं देणं मी अजून फेडते आहे आणि फिटू नये असंच मला वाटतं.

नानांनी पाण्याचा तांब्या उचलला, प्यायले, खाली ठेवला. "बघू," म्हणाले.

सकाळी स्टँडवर सोडायला मी एकटी गेले. जायचं कोणी, राहायचं कोणी, काहीच ठरलेलं नव्हतं, आणि विचारायची माझी छाती नव्हती. गाडी लागली. नाना चढले, खिडकीशी बसले, कंडक्टरला म्हणाले, "एकच." मी खाली उभी. मग खिडकीतून तोंड काढून, परक्या मिस्त्रीला विचारावं तसं म्हणाले, "इंदे, दिवाळीला आलीस म्हंजे आपल्या हिरीवरचं इंजिन बघ की. लई डिझेल खायलंय. गावातल्या कुनाला कळंना गेलंय."

"आवाज कसा येतो, नाना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

गाडी हलली होती. नाना आयुष्यात कधी मोठ्याने बोलले नाहीत. त्यांनी भरल्या एसटीच्या खिडकीतून मान बाहेर काढली, टोपी एका हाताने धरली आणि सुरू झाले, "ढुक्... ढुक्-ढुक्... टक्! ढुक्... ढुक्-ढुक्... टक्!" कंडक्टर वळून बघायला लागला, मागच्या सीटवरची बाई पदर तोंडाला लावून हसत होती. मी गाडीबरोबर पळत होते. "नाना, टक् कधी येतो? ढुकच्या आधी का नंतर?"

"नंतर!" नाना ओरडले आणि वळणापर्यंत तसंच वाजवत राहिले. त्या टक् वरून मला कळलं, झडपेची फट वाढली होती.